धाड भट्टीवर, मरण ड्रममधून

हातभट्टीवरच्या कारवाईची बातमी महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्यात सारखीच छापून येते. ओढ्याकाठी किंवा खाडीतल्या तिवरांत पथक पोहोचते, ड्रम फोडले जातात, इतके हजार लिटर कच्चे रसायन, म्हणजे गाळायच्या आधीचा आंबलेला सडवा, जागीच नष्ट केले जाते, अमुक लिटर गावठी जप्त होते, आरोपी अंधाराचा फायदा घेऊन पसार होतो आणि दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ (ई), (फ) प्रमाणे गुन्हा दाखल होतो. पोलिसांची आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याची कामगिरी याच लिटरांत मोजली जाते. हे मापच चुकीचे आहे आणि त्याची किंमत मजूर वस्त्या जिवानिशी मोजत आल्या आहेत, असे माझे ठाम मत आहे. ज्या दारूने एका रात्रीत माणसे डझनांनी मरतात ती भट्टीवर तयारच होत नाही. तिला काही सडवावे लागत नाही, लाकूड जाळावे लागत नाही, धूर निघत नाही, वास सुटत नाही. ती कारखान्यातून ड्रममध्ये येते आणि पाणी मिसळून विकली जाते.

आपला कायदा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो: आदिवासी घरातली मोहाची, शहराभोवतीची काळ्या गुळाची हातभट्टी आणि मिथेनॉलचे विष. या तिन्हींचा कच्चा माल वेगळा, करणारा माणूस वेगळा, धोका वेगळा. म्हणून आधी त्या कशा होतात ते नीट पाहायला हवे.

मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात पडतात. रात्री उमललेली मांसल, पिवळसर फुले पहाटे टपटप खाली येतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. नाहीतर जनावरे खातात, उरलेली चिकट होतात. अंगणात चार-पाच दिवस वाळली की ती मनुक्यासारखी तपकिरी होतात आणि त्यांच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखरच असते. हीच फुले भाजून, उकडून, पिठात मळून खाल्ली जातात. टंचाईच्या महिन्यांत ते पोटभरीचे अन्न असते. दारूसाठी एक किलो वाळल्या फुलांना तीन-चार लिटर पाणी घालून ती भिजत ठेवतात. फुलांवर खमिराचे जंतू मुळातच असतात, शिवाय मागच्या खेपेचा थोडा सडवा विरजण म्हणून घालतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत, थंडीत आठ-दहा दिवसांत बुडबुडे थांबतात, गोडी जाते, आंबूस-कडवट चव येते. गाळायची वेळ ती हीच. त्यापुढे दोन-तीन दिवस उघडा राहिला तर हवेतले आम्लाचे जंतू शिरतात आणि सडव्याचा शिरका व्हायला लागतो. मग कितीही गाळा, धार बारीकच येते.

गाळायची मांडणी साधी असली तरी हात बसलेला लागतो. चुलीवर सडव्याचे भांडे, त्यावर बुडाला भोके असलेले दुसरे भांडे, त्याच्या आत धार झेलणारे लहान मडके आणि सगळ्यात वर गार पाण्याने भरलेले गोल बुडाचे जर्मनचे भांडे. वाफ वर जाऊन गार बुडाला लागते, तिचे थेंब होतात आणि बुडाच्या मधोमध ओघळून आतल्या मडक्यात पडतात. सांधे ओल्या चिकणमातीने आणि चिंध्यांनी लिंपतात. वरचे पाणी हाताला चटका देऊ लागले की ते काढून नवे भरायचे. किती पाणी बदलले यावरून आत किती आणि कशी दारू जमली असेल याचा अंदाज बांधतात. सुरुवातीला पडते ती सर्वांत कडक, म्हणजे पहिल्या धारेची. पुढे पाण्याचा अंश वाढत जातो. जाळ मोठा झाला तर सडवा उतू येऊन मडक्यात शिरतो आणि दारू गढूळ होते. फुले तळाला लागली तर करपट वास बसतो, तो पुढे काही केल्या जात नाही. लिंपण भेगाळले तर वाफ बाहेर निघते आणि चुलीच्या जाळाने पेटते. भाजण्याचे अपघात होतात ते यातूनच. जाळ कुठे मंद ठेवायचा आणि धार कुठे तोडायची हे जाणणाऱ्या बाईमाणसाच्या हातात खरे कसब असते. त्याला आपण कसब म्हणत नाही, कारण ते गुन्ह्याच्या रकान्यात टाकले गेले आहे.

काळ्या गुळाची हातभट्टी ही शहरांभोवतीची आणि ऊसपट्ट्यातली. इथे झाड नाही, हंगाम नाही. गूळ बाराही महिने मिळतो. खायला निरुपयोगी, काळपट, स्वस्त गूळ पाण्यात विरघळवून ड्रममध्ये सडवतात आणि त्यात नवसागर घालतात. भांड्यांच्या कल्हईला लागतो तोच हा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. तो कशासाठी, हे बातम्यांमध्ये कधी येत नाही. खमिराच्या जंतूंना साखरेबरोबर नत्र लागते आणि गुळाच्या पाण्यात ते फार कमी असते. अमोनियमचा क्षार ती उणीव भरून काढतो आणि सडण्याची क्रिया लवकर संपते. धाड पडायच्या आत माल निघायला हवा, म्हणून ही घाई. हिशेब पाहिला तर एक किलो काळ्या गुळातून साधारण एक लिटर हातभट्टी निघते. गुळावर आणि नवसागरावर नजर ठेवली तर भट्ट्या आटोक्यात येतील, या समजुतीवर खात्याने पुष्कळ वेळ घालवला. पण गूळ हा शेतमाल आहे आणि नवसागर कल्हईवाल्यापासून कारखान्यापर्यंत सगळ्यांना लागतो.

या दारूचे धोके खरे आहेत, ते मी झाकणार नाही. कारखान्यातून भंगारात आलेले ड्रम नीट न धुता वापरतात. जस्ताच्या पत्र्याची भांडी आंबट सडव्यात झिजतात आणि जस्त दारूत उतरते. पाणी नाल्याचे असते. तीव्रता वाढल्याचा भास व्हावा म्हणून बॅटरीच्या सेलमधला मसाला टाकणारेही आहेत. शहरी ताडीत क्लोरल हायड्रेटसारखे गुंगीचे रसायन मिसळतात, तोही याच जातीचा प्रकार. यकृत, जठर, मज्जातंतू यांची यातून हळूहळू वाट लागते. तरीही एका रात्रीत शंभर माणसे मरावीत असे यात काही नसते.

मिथेनॉलबद्दलचा एक गैरसमज इथे काढून टाकायला हवा. विषारी दारूची घटना घडली की ‘भट्टी बिघडली’, ‘दारू नीट गाळली गेली नाही’ असे बोलले जाते. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते आणि इथेनॉल ७८.४ अंशांना, म्हणून पहिल्या धारेत विष येते, असाही समज आहे. खमिराने साखर फोडली की इथेनॉल तयार होते. मिथेनॉल येते ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनमधून. गुळात पेक्टिन नसल्यातच जमा. काजूच्या बोंडात आणि द्राक्षात ते असते, पण त्यातून येणारे मिथेनॉल सोबतच्या इथेनॉलच्या मानाने अगदी थोडे असते आणि इथेनॉल स्वतःच मिथेनॉलवरचा उतारा आहे. गूळ किंवा मोह सडवून कुणी चुकूनही वस्ती मारण्याइतके मिथेनॉल तयार करू शकत नाही. ते बाहेरून आणूनच घालावे लागते.

आणि ते आणले जाते, कारण धंद्याच्या दृष्टीने ते सोयीचे आहे. हातभट्टीवाल्याला आठवडाभर जागा सांभाळावी लागते, लाकूडफाटा लागतो, माणसे लागतात. धूर आणि वास लांबून कळतो आणि हप्ता चुकला की ड्रम फुटतात. मिथेनॉलला यातले काहीच लागत नाही. फॉर्माल्डिहाइड, रेझिन, रंग, औषधे अशा कितीतरी उद्योगांत ते टँकरने येते-जाते. त्यातले थोडे वाटेत काढून वाहतुकीतली घट म्हणून खपवता येते. एका खोलीत, बंद दाराआड, काही मिनिटांत त्याची ‘दारू’ होते. दिसायला पाण्यासारखी आणि चवीला जवळपास नेहमीचीच. काडी लावून पाहायची जुनी परीक्षा इथे फसते, कारण मिथेनॉलही निळसर ज्योतीने जळते. ती परीक्षा कडकपणा सांगते, निर्धोकपणा सांगत नाही. बाटली हलवून फेस पाहणेही तसेच. म्हणजे आपल्या धाडी ज्याला धूर आणि वास आहे त्याला शोधतात आणि ज्याला ते नाहीत त्याच्याकडे धंदा ढकलतात. दर वर्षी नष्ट केलेल्या रसायनाचे लिटर वाढत गेले तर मिथेनॉलवाल्याचा एकेक प्रतिस्पर्धी कमी होत जातो.

२००४ च्या अखेरीस विक्रोळी परिसरात विषारी दारूने ८० हून अधिक माणसे गेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक. दोन्ही ठिकाणी मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले. मालवणीच्या खटल्याचा निकाल लागायला २०२४ साल उजाडले; १४ आरोपींपैकी चौघे दोषी ठरले, १० सुटले. गुजरातमध्ये, जिथे आपल्याच मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे चालू राहिला आणि पूर्ण बंदी कायम राहिली, तिथे २००९ मध्ये अहमदाबादला शंभराहून अधिक आणि जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात ४० हून अधिक लोक मेले. २००९ नंतर तिथे विषारी दारूने मृत्यू घडवणाऱ्याला फाशीपर्यंतची तरतूद झाली होती. बोटादमध्ये लोकांनी प्यायलेला द्रव जवळजवळ निव्वळ मिथेनॉल होता आणि तो एका कंपनीच्या साठ्यातून बाहेर पडला होता. शिक्षा कडक करून हा धंदा थांबला नाही, कारण चोरी जिथे होते तिथे पाहायला कुणी गेलेच नाही.

घरची भट्टी गुन्हा कशी झाली, हा इतिहासही पाहायला हवा, कारण तो नीतीपेक्षा महसुलाचा जास्त आहे. इंग्रजी अंमलात आधी मक्त्याची पद्धत होती: एखाद्या भागात दारू गाळून विकण्याचा हक्क लिलावात घ्यायचा आणि सरकारला ठरलेली रक्कम द्यायची. डोंगरातल्या घरगुती गाळणीकडे त्यात फारसे लक्ष जात नसे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे बदलले. या धोरणामागे सर चार्ल्स प्रिचर्ड हे अधिकारी होते. दारू ठरावीक मध्यवर्ती भट्ट्यांतच गाळायची, तिच्या तीव्रतेप्रमाणे गॅलनमागे कर बसवायचा आणि मक्तेदाराने किमान उत्पन्नाची हमी द्यायची, अशी रचना झाली. मुंबईजवळ उरणला पारशी मालकांच्या मोहाच्या भट्ट्या होत्या. पंचमहाल आणि गुजरातच्या इतर भागांतून फुले येत आणि तिथली दारू शहरात जाई. ठाण्याच्या डोंगरातला वारली किंवा खानदेशातला भिल्ल घरी गाळू लागला की या हिशेबाला भोक पडे. ताडी-माडीच्या झाडांवरचा करही याच काळात चढत गेला आणि भंडारी समाजाच्या पिढीजात धंद्यावर त्याचा घाव बसला.

सर्वांत कठोर पाऊल होते १८९२ चा मोहा कायदा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत चोरटी गाळणी थांबवायची म्हणून मोहाच्या फुलांच्या गोळा करण्या-बाळगण्यावरच निर्बंध घातले गेले. जे फूल लोक खात होते, तेच घरात सापडले तर संशयाचा पुरावा. आज काळा गूळ आणि नवसागर जप्त करताना जी विचारपद्धती दिसते, तिचे मूळ इथे आहे: करणाऱ्याचा हेतू सिद्ध करण्याऐवजी कच्च्या मालालाच आरोपी करायचे.

सुधारकांची बाजू वेगळी होती आणि ती तितकीच खरी होती. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधने (पिकेटिंग) झाली. सरकार महसुलासाठी लोकांना पाजते, हा त्यांचा आरोप रास्त होता. पण एका बाबतीत सरकार आणि सुधारक नकळत एकत्र आले: आदिवासीची भट्टी बंद व्हावी, याविषयी दोघांचेही एकमत होते. एकाला कर बुडत होता, दुसऱ्याला व्यसन दिसत होते. त्या माणसाला विचारायचे दोघांनाही सुचले नाही. आदिवासींनी स्वतः ठरवले तेव्हा काय झाले, हे १९२२-२३ च्या देवी चळवळीत दिसले. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून निघालेली ही लाट दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पसरली. गावेच्या गावे दारू-ताडी सोडायची शपथ घेऊ लागली आणि दारूवाल्या पारशी पेढीदारांवर बहिष्कार पडला. कोणत्याही फौजदाराला जे कधी जमले नव्हते ते काही महिन्यांत घडले. पुढे बऱ्याच ठिकाणी ती शपथ टिकली नाही, हेही खरे. पण निर्णय त्यांचा होता.

स्वातंत्र्याच्या आगेमागे दारूबंदी आली. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात खेर मंत्रिमंडळाने ती प्रथम लागू केली. १९४९ च्या कायद्याने ६ एप्रिल १९५० पासून ती राज्यभर झाली. मोरारजी देसाईंचा हेतू प्रामाणिक होता, यात मला शंका नाही. त्याचे फळ मात्र मुंबईने भोगले. माहीम-धारावीच्या खाडीकाठी, अँटॉप हिलच्या बाजूला भट्ट्या लागल्या. मोटारीच्या ट्यूबमध्ये दारू भरून शहरभर पोहोचवली जाऊ लागली. वांद्र्यापासून धोबीतलावापर्यंत घरातल्या पुढच्या खोलीत चार खुर्च्या टाकून विकणाऱ्या आंटी उभ्या राहिल्या. त्यातल्या अनेकींना दुसरे उत्पन्न नव्हते. वरदराजन मुदलियारसारख्या टोळीवाल्यांचे साम्राज्य याच धंद्यावर उभे राहिले, आणि चौकीपासून वरपर्यंत हप्त्याची जी घडी बसली ती दारूबंदी सैल झाल्यावरही मोडली नाही. ज्यांना हातभट्टीही मिळत नसे ते टिंक्चर आणि फ्रेंच पॉलिश पीत. मग औषधी अर्कांवरही कायद्यात कलमे घालावी लागली.

१९६३-६४ पासून बंदी सैल होत गेली आणि १९७२-७३ च्या सुमारास सरकारमान्य देशी दारूची दुकाने उघडली. मळीच्या स्पिरिटपासून कारखान्यात बनलेली ४२.८ टक्क्यांची देशी अधिकृत झाली; मोहाची मात्र बेकायदाच राहिली. १९४९ चा कायदा रद्द झाला नाही, त्याला भोके पाडली गेली. आजही कागदोपत्री महाराष्ट्रात परवान्याशिवाय पिणे गुन्हा आहे. देशीसाठी एका दिवसाचा परवाना २ रुपयांना आणि विदेशीसाठी ५ रुपयांना, अशी तरतूद आहे. वातानुकूलित बारमध्ये हा परवाना कुणी विचारत नाही. वस्तीतल्या माणसाला मात्र तो आठवतो, आणि नको त्या वेळी आठवतो. १९८१ मध्ये आलेल्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याच्या नावातच झोपडपट्टीदादांच्या जोडीला हातभट्टीवाले आहेत. त्याखाली वर्षभर डांबता येते. मिथेनॉलचा हिशेब न ठेवणाऱ्या कारखान्याच्या व्यवस्थापकावर तो लावल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

सिंधुदुर्गाच्या सीमेवर उभे राहिले की या धोरणातली विसंगती अगदी समोर येते. पलीकडे गोव्यात फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम. बोंडे तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा, भाणात, म्हणजे गाळणीच्या भांड्यात, गाळायचा. पहिल्या गाळणीचा उर्राक, पुढे गाळून फेणी, साधारण ४२ ते ४५ टक्क्यांची. तिथे अबकारी खाते काजूच्या बागांचे भाग लिलावात देते, भट्टीला हंगामापुरता परवाना मिळतो, तीव्रता मापाने मोजली जाते. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये ती राज्याचे वारसा पेय झाली. अलीकडे सावंतवाडी-दोडामार्गात झाड तेच, बोंड तेच, माती तीच; पण इथल्या शेतकऱ्याने तेच केले तर कलम ६५. म्हणून बोंडे वाया जातात किंवा सीमेपलीकडे जातात, आणि इन्सुलीच्या नाक्यावर खाते गोव्याहून येणाऱ्या कारखानी दारूचे ट्रक पकडत बसते. ती तस्करी तर निव्वळ करातल्या फरकातून होते.

मोहाबाबत सरकारने अलीकडे दोन पावले टाकली. २०२१ मध्ये फुले गोळा करण्या-साठवण्या-वाहतुकीवरचे निर्बंध उठले. पुढच्या वर्षी काजूबोंड आणि मोहफुलांपासूनच्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचे ठरले. यात कारखानदाराची सोय झाली. फूल वेचणारी बाई ते आता निर्धास्त विकू शकते. पण तिच्या चुलीवरचे भांडे पूर्वीइतकेच बेकायदा आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरापुरती मोहाची गाळायची सूट आहे, शिवाय अलीराजपूर आणि दिंडोरी जिल्ह्यांत बचत गटांकडून परवान्याने मोहाचे मद्य तयार करून घेतले जाते. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार, पालघर असे मोहाचे पट्टे असताना हे का होऊ नये?

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप बायकांचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह हजारो गावकऱ्यांच्या, विशेषतः बायकांच्या, अनेक वर्षांच्या लढ्यातून. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्यासोबत बायका डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. दारू अधिकृत असो की गावठी, मार त्यांनाच खावा लागतो, मजुरीचे पैसे त्यांचेच जातात. भट्टीला परवाना म्हणजे गावात आणखी दारू, ही त्यांची भीती निराधार नाही. म्हणूनच मला सरसकट सूट नको आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आधीच दिला आहे, गौण वनोपजाची मालकीही दिली आहे. परवाना ग्रामसभेच्या ठरावाशिवाय मिळू नये आणि त्या ठरावात बायकांचे बहुमत वेगळे मोजले जावे. आडवी बाटली (बंदी)-उभी बाटली (दुकान चालू) अशा मतदानाने हे करता येते हे महाराष्ट्राने दाखवून दिले आहे. ज्या गावाला भट्टी नको, तिथे ती बंदच राहावी, आणि तिथल्या बंदीला पोलिसांनी पाठबळ द्यावे. घरापुरत्या गाळणीला सणासुदीपुरती मर्यादा, विक्रीसाठी मात्र बचत गटाचा परवाना, स्टीलची किंवा तांब्याची भांडी, सडव्याला पिण्याचे पाणी आणि प्रत्येक खेपेला तीव्रता मोजणारे हायड्रोमीटर, एवढ्या अटी पुरेशा आहेत.

काळ्या गुळाच्या धंद्याला परवाना द्यावा, असे माझे म्हणणे नाही. तिथे दंड आणि जप्ती राहू दे. पण तो गुन्हा मिथेनॉलच्या गुन्ह्यापासून कलमाने आणि तपासाने वेगळा करा. मिथेनॉल आजही १९१९ च्या विष कायद्याखाली येते. परवाने आणि नोंदवह्या आहेत, पण नोंदवहीतला आकडा आणि टाकीतली पातळी अचानक जाऊन ताडून पाहणारे कुणी हवे. ज्या उद्योगांत चालते तिथे त्यात रंग आणि कडू द्रव्य मिसळणे सक्तीचे करावे. औषध कंपन्यांना ते चालणार नाही. त्यांच्या टँकरला सील आणि जागेचा माग ठेवणारे यंत्र हवे, वाहतुकीतल्या घटीला कमाल मर्यादा हवी आणि ती ओलांडली की परवाना थांबायला हवा. खात्याच्या वार्षिक कामगिरीत नष्ट केलेल्या रसायनाच्या लिटरांऐवजी किती कारखान्यांच्या टाक्या मोजल्या हा आकडा आधी यावा.

उपचारांची बाजू तर सर्वांत दुर्लक्षित आहे. मिथेनॉल पोटात गेल्यावर नेहमीसारखी नशा येते आणि माणूस झोपतो. खरे विष शरीरात नंतर तयार होते, आधी फॉर्माल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल. पोटदुखी, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुके, ही लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी येतात. सोबत साधी दारू प्यायली असेल तर आणखी उशिरा. या मधल्या वेळात रुग्ण आला तर वाचू शकतो: फोमेपिझोल हे उताऱ्याचे औषध, ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली इथेनॉल, रक्तातल्या आम्लावर बायकार्बोनेट, फोलिनिक आम्ल आणि गरज पडल्यास डायलिसिस. पण तो येत नाही, कारण परवान्याविना पिणे गुन्हा आहे आणि दवाखान्यात पोलीस केस होते. म्हणून कायद्यात एक छोटी दुरुस्ती तातडीने हवी: विषबाधेच्या संशयाने दवाखान्यात आलेल्यावर आणि त्याला आणणाऱ्यावर पिण्याचा गुन्हा नोंदवायचा नाही. त्याच्या जोडीला प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात उपचाराची लेखी पद्धत आणि इथेनॉलचा साठा. दारू प्यायलेला माणूस डोळ्यांपुढे धुके आल्याचे सांगत पहिल्यांदा दारात आला, की तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने त्याच तासाला त्याची वस्ती गाठून त्याच बाटलीतले आणखी कोण-कोण प्यायले ते शोधायला हवे.